फर्मवेअर अपडेटनंतर लॅपटॉपचे अंडरव्होल्टिंग चालेनासे झाले तर काय तपासावे

अंडरव्होल्टिंग म्हणजे प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा थोडे कमी करून तो थंड ठेवणे. फर्मवेअर, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारे मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर (बायोस), अपडेट झाल्यावर ते चालेनासे झाले, तर त्या बिघाडाची लक्षणे तीन वेगवेगळ्या प्रकारांनी दिसतात. ती सुरुवातीलाच वेगळी केली नाहीत तर पुढचे सगळे श्रम वाया जातात, हे मी हाच बिघाड अनेक लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना शिकलो.

पहिल्या प्रकारात काहीच बंद पडत नाही. लॅपटॉप सुरू होतो, अंडरव्होल्टिंगचे सॉफ्टवेअर उघडते, त्यात पूर्वी भरलेला उणे १०० मिलिव्होल्टचा आकडाही, म्हणजे ऑफसेट, जागेवर असतो. मात्र पंखा साध्या कामालाही जोरात फिरू लागतो, तळ गरम लागतो आणि मोठ्या कामात प्रोसेसरचा वेग पूर्वीपेक्षा लवकर खाली येतो. दुसऱ्या प्रकारात बिघाड स्पष्ट दिसतो: ऑफसेटची पट्टी करडी पडून हलेनाशी होते, थ्रॉटलस्टॉप या अंडरव्होल्टिंगच्या सॉफ्टवेअरच्या एफआयव्हीआर (व्होल्टेज बदलण्याच्या) खिडकीत ‘लॉक्ड’ असा शब्द येतो, किंवा आकडा भरून ‘अप्लाय’ दाबल्यावर शेजारच्या तक्त्यातली नोंद शून्यावरच राहते. तिसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. अंडरव्होल्टिंग लागू होते, पण महिनोन्‌महिने स्थिर असलेल्या त्याच आकड्यावर आता ब्लू स्क्रीन येतो, काही काम चालू नसताना लॅपटॉप गोठतो, किंवा विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया लॉगर’ या नावाने हार्डवेअरच्या त्रुटी साठू लागतात.

पहिल्या दोन प्रकारांत बहुधा आकडा प्रोसेसरपर्यंत पोहोचतच नाही. तिसऱ्यात तो पोहोचतो, पण प्रोसेसरला आता सोसत नाही. तापमान वाढलेले पाहून ऑफसेट आणखी खाली नेणारे अनेक जण मी पाहिले आहेत. आकडा पोहोचतच नसेल तर त्याने काही होत नाही, आणि पोहोचत असेल तर लॅपटॉप कोसळू शकतो. म्हणून निदान होईपर्यंत ऑफसेटला हात लावू नये. फक्त जुने आकडे कागदावर उतरवून ठेवावेत.

पहिली तपासणी अगदी साधी आहे: फर्मवेअर खरोखर बदलले आहे का? विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या खिडकीत बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. ‘मी तर काही अपडेट केलेच नाही’ असे सांगणाऱ्यांच्या लॅपटॉपवरही ही तारीख बदललेली मला अनेकदा आढळली आहे, कारण बायोसचे अपडेट विंडोज अपडेटमधूनही येते आणि इतिहासात ड्रायव्हरच्या यादीत ‘फर्मवेअर’ अशा नावाने नोंदले जाते. लिनक्सवर तेच काम ‘एफडब्ल्यूअपडी’ ही सेवा करते. ही तपासणी आधी करण्याचे कारण असे की आवृत्ती बदललेली नसेल, तर गरम होण्याचे मूळ बहुधा जाळीत साचलेल्या धुळीत, वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये किंवा बदललेल्या पॉवर मोडमध्ये असते आणि पुढचे बरेचसे विवेचन त्या लॅपटॉपला लागू होत नाही.

दुसरी तपासणीही फुकटच आहे, पण ती नीट करणारे थोडे. ऑफसेट लागू आहे की नाही हे तापमानावरून ठरवू नये, कारण तापमान खोलीच्या हवेवर, पंख्याच्या वेगावर आणि लॅपटॉप कशावर ठेवला आहे यावरही अवलंबून असते. प्रोसेसरचा गतिमान, म्हणजे काम करताना होणारा, वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १.१० व्होल्टवर चालणारा प्रोसेसरचा गाभा (कोअर) त्याच वेगाला १.०० व्होल्टवर आणला, तर १.२१ च्या जागी १.०० हे गुणोत्तर येते, म्हणजे वीजवापराचा हा भाग सुमारे १७ टक्क्यांनी उतरतो. एवढा फरक वॅटच्या आकड्यात सहज दिसतो, फक्त तो दिसू शकेल अशी परिस्थिती निर्माण करावी लागते.

त्यासाठी मी हे करतो. थ्रॉटलस्टॉपमध्ये ‘डिसेबल टर्बो’वर खूण करतो, म्हणजे वेग मूळ पातळीवर स्थिर राहतो. मग सर्व गाभ्यांवर एकसारखा भार देणारी चाचणी लावून दोन मिनिटे थांबतो आणि पॅकेज पॉवरचा, म्हणजे पूर्ण प्रोसेसरच्या वीजवापराचा, आकडा लिहून घेतो. ती चाचणी चालू असतानाच ऑफसेट शून्यावर नेतो, अर्ध्या मिनिटाने आकडा पुन्हा पाहतो आणि नंतर ऑफसेट पूर्ववत करतो. वॅट शून्यावर वाढले आणि पूर्ववत केल्यावर घटले, तर अंडरव्होल्टिंग जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे आहे. तिन्ही वेळा आकडा एकाच जागी घुटमळत राहिला, तर सॉफ्टवेअर काहीही दाखवत असले तरी ऑफसेट प्रोसेसरपर्यंत पोहोचलेला नाही. टर्बो चालू ठेवून हीच चाचणी घेतली तर फसगत होते. लॅपटॉप वीजमर्यादेला टेकलेला असला की अंडरव्होल्टिंगमुळे वॅट कमी होत नाहीत. तेवढ्याच वॅटमध्ये वेग वाढतो. ‘वॅट तेवढेच आहेत, म्हणजे काही लागू झाले नाही’ हा निष्कर्ष अशा वेळी चुकीचा असतो.

अंडरव्होल्टिंग जिवंत असूनही लॅपटॉप पूर्वीपेक्षा तापत असेल, तर नव्या फर्मवेअरने पंख्याचा आलेख किंवा वीजमर्यादा बदललेल्या असू शकतात. दीर्घकालीन मर्यादा ‘पीएल१’ आणि अल्पकालीन मर्यादा ‘पीएल२’ हे आकडे जुन्या नोंदीशी ताडून पाहावेत. नोंद नसेल तर आज करून ठेवावी.

तिसऱ्या तपासणीत सॉफ्टवेअरच्या बाजूच्या किरकोळ गोष्टी पाहाव्यात. ऑफसेट प्रोसेसरच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्टरमध्ये, लिहिला जातो. तो कायमचा साठत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट झाला की तो जातो, आणि खोल झोपेतून उठल्यावरही बऱ्याचदा जातो. म्हणून सॉफ्टवेअर लॉगइनच्या वेळी आपोआप सुरू होण्यासाठी टास्क शेड्यूलरमध्ये केलेली नोंद शाबूत आहे का आणि ती प्रशासकाच्या अधिकाराने चालते का, हे पाहावे. सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर जुना असेल तर विंडोज सुरक्षेच्या कारणाने तो अडवू शकते. तेव्हा विकसकाच्या मूळ ठिकाणाहून ताजी आवृत्ती घ्यावी, इकडून-तिकडून ड्रायव्हर उचलू नये. सकाळी चालणारे अंडरव्होल्टिंग दुपारी झाकण उघडल्यावर नाहीसे होत असेल, तर दोष बहुतेक येथेच सापडतो आणि फर्मवेअरवर निष्कारण ठपका येतो.

चौथी तपासणी व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एका संगणकात आभासी संगणक चालवण्याच्या सोयीची, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक लॅपटॉप येथेच सुटतात. फर्मवेअर अपडेटनंतर बायोसमधल्या जोडण्या, म्हणजे सेटिंग्ज, अनेकदा मूळ पदावर जातात आणि पूर्वी तुम्ही बंद केलेले व्हर्च्युअलायझेशन पुन्हा चालू होते. ते चालू झाले की विंडोजची व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षा आणि तिच्यातील ‘मेमरी इंटेग्रिटी’ कामाला लागू शकते. या अवस्थेत विंडोज स्वतःच एका हायपरवायझरच्या, म्हणजे आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या थराच्या, वर चालत असते आणि व्होल्टेजच्या रजिस्टरमध्ये होणारे लिखाण तो हायपरवायझर मध्येच अडवतो. सॉफ्टवेअरला वाटते की आकडा लिहिला गेला. प्रत्यक्षात तो खाली उतरतच नाही. पहिल्या प्रकारची मूक लक्षणे बहुधा यातूनच येतात.

सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन बेस्ड सिक्युरिटी’ या ओळीपुढे ‘रनिंग’ असे दिसले, तर कारण सापडले असे समजायला हरकत नाही. विंडोज सिक्युरिटीतील ‘कोअर आयसोलेशन’मधून मेमरी इंटेग्रिटी बंद करून लॅपटॉप रीस्टार्ट करावा आणि ती ओळ पुन्हा वाचावी. तरीही ‘रनिंग’ राहिले, तर हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म किंवा लिनक्ससाठीची उपप्रणाली हायपरवायझर जागा ठेवत असते. हे सगळे बंद करण्याची एक किंमत आहे आणि ती मी प्रत्येकाला सांगतो: मेमरी इंटेग्रिटी ही दुष्ट ड्रायव्हरपासून वाचवणारी खरी भिंत आहे. ज्या लॅपटॉपवर आर्थिक व्यवहार होतात किंवा इतरांची गोपनीय माहिती असते, त्यावर पाच-सात अंशांसाठी ही भिंत पाडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉप नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला असेल तर हा निर्णय आपला नसतोच. तेथे थांबावे आणि संस्थेच्या तांत्रिक विभागाला विचारावे.

लिनक्सवर याचाच भाऊबंद असलेला दोष आढळतो. अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) पुन्हा चालू झाले की अनेक वितरणांमध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, स्वतःला कुलूपबंद करतो आणि प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये लिहिण्याची परवानगी नाकारतो. येथे निदान त्रुटीचा संदेश तरी मिळतो.

बायोसमध्ये शिरण्यापूर्वी एक काम न विसरता करावे. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कूटलेखनाने कुलूपबंद असेल तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की दुसऱ्या उपकरणावर किंवा कागदावर आहे याची खात्री करावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. फर्मवेअर आणि त्यातील काही जोडण्या यांचे मोजमाप टीपीएम ही सुरक्षेची चिप घेत असते. ते जुळले नाही की सुरू होतानाच ही की मागितली जाते. एका परिचिताच्या लॅपटॉपवर निळ्या पार्श्वभूमीवरची ती रिकामी चौकट समोर आली, तेव्हा की कोठे ठेवली हे त्याला आठवेना. अंडरव्होल्टिंगचा प्रश्न बाजूलाच राहिला आणि पुढचे दोन तास जुन्या खात्यात की शोधण्यात गेले. सुदैवाने ती सापडली.

आता बायोसमध्ये ‘अंडरव्होल्ट प्रोटेक्शन’, ‘ओव्हरक्लॉकिंग’ किंवा ‘व्होल्टेज ऑफसेट’ अशा नावाचा पर्याय शोधावा. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून अंडरव्होल्ट प्रोटेक्शन नावाची सोय आली आहे. ती चालू असली की विंडोजमधून व्होल्टेज खाली नेता येत नाही, आणि बायोसमध्ये पर्याय दिलेला असेल तर फक्त तेथूनच नेता येते. अपडेटने ती चालू केली असेल आणि बंद करण्याचा पर्याय दिसत असेल, तर दुरुस्ती एका मिनिटाची आहे. बदल केल्यावर लॅपटॉप ‘शट डाउन’ करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करावा, कारण विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन हे पूर्ण बंद होणे नसते.

पर्यायच दिसत नसेल आणि सॉफ्टवेअर ‘लॉक्ड’ म्हणत असेल, तर येथे कुलपाची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण ती समजली नाही की माणूस आठवडाभर निरनिराळी सॉफ्टवेअर घालून पाहत राहतो. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ, ग्राझचे तंत्रविद्यापीठ आणि ल्युव्हनचे विद्यापीठ येथील संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ हा हल्ला जाहीर केला. आपण अंडरव्होल्टिंगसाठी ज्या रजिस्टरमध्ये लिहितो तेच रजिस्टर वापरून, गुणाकार किंवा कूटलेखन चुकेल इतकेच व्होल्टेज क्षणभर खाली न्यायचे आणि इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील गणित बिघडवून त्यातील गुप्त किल्ल्या बाहेर काढायच्या, असा तो मार्ग होता. सहाव्या ते दहाव्या पिढीचे कोअर प्रोसेसर त्याच्या कक्षेत आले. यावर इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला बदलता येणारा आज्ञासंच) दिला आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी बायोस अपडेटमधून व्होल्टेजचा हा मार्ग बंद केला.

हे कुलूप लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर लावते. एकदा लागले की पुढच्या रीसेटपर्यंत प्रोसेसर ते कोणालाही उघडू देत नाही, विंडोजलाही नाही; आणि रीसेट झाला की फर्मवेअर ते पुन्हा लावते. म्हणून विंडोजमध्ये चालणारे कोणतेही सॉफ्टवेअर, त्याची कोणतीही आवृत्ती, हे कुलूप काढू शकत नाही. या हल्ल्यासाठी हल्लेखोराकडे आधीच प्रशासकाचा अधिकार असावा लागतो आणि एसजीएक्स न वापरणाऱ्याला त्याची झळ फारशी नाही, त्यामुळे सरसकट कुलूप लावण्याऐवजी बायोसमध्ये पर्याय ठेवायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. तरीही कारण खोटे नाही, हेही तितकेच खरे आहे. नावाच्या शेवटी एचके किंवा एचएक्स असलेल्या वर्गातील इंटेल प्रोसेसरवर हा मार्ग बहुधा उघडा ठेवलेला असतो. एच आणि यू वर्गात तो बंद मिळण्याचीच शक्यता अधिक.

एएमडीच्या प्रोसेसरवर हे रजिस्टर नसते. तेथे नव्या प्रोसेसरवर ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ची (वेगागणिक व्होल्टेज कमी करण्याची) मूल्ये असतात आणि अपडेटनंतर ती पुसली जाऊ शकतात. बायोसमधील पर्याय शिल्लक आहे का, एवढेच प्रथम पाहावे.

तिसऱ्या प्रकारच्या लक्षणांकडे वळतो. ऑफसेट लागू होतो, पण लॅपटॉप कोसळतो. नव्या मायक्रोकोडने टर्बोची वागणूक किंवा वेगागणिक मागितले जाणारे व्होल्टेज बदलले असेल, तर कालचा उणे ११० हा आकडा आज त्याच अर्थाचा राहत नाही. जुन्या आकड्याचा हट्ट सोडून उणे ३० पासून सुरुवात करावी, दर वेळी १० मिलिव्होल्टने खाली जावे, आणि स्कायलेकपासूनच्या (इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या) प्रोसेसरवर ‘कोअर’ व ‘कॅश’ (आतील जलद स्मृती) या दोन्हींचे ऑफसेट सारखे ठेवावेत. फक्त जड चाचणीवर विसंबू नये. सर्व गाभे भारले असताना वेग कमी असतो. उलट एखादे पान उघडताना एकच गाभा क्षणभर सर्वोच्च वेगाला जातो आणि तेथे व्होल्टेज अपुरे पडते. म्हणूनच जड चाचणी तासभर सोसणारा लॅपटॉप रिकामा असताना गोठतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया लॉगरची १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर प्रोसेसरने चूक सुधारून घेतली आहे. ब्लू स्क्रीन आला नसला तरी १० ते १५ मिलिव्होल्ट वर यावे. १८ क्रमांकाची (न सुधारता आलेल्या चुकीची) नोंद किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ हा ब्लू स्क्रीन आला, तर अंडरव्होल्टिंग पूर्ण काढून दोन दिवस वापरून पाहावे. शून्य ऑफसेटवरही लॅपटॉप कोसळत असेल, तर हा विषय आपल्या हातातला उरत नाही.

बाराव्या पिढीनंतरच्या प्रोसेसरवर आणखी एक फसवे चिन्ह दिसते: वॅट उतरतात, तापमान उतरते, वेगाचा आकडा तेवढाच दिसतो, पण चाचणीतले गुण घसरतात. व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी दिसल्यामुळे प्रोसेसरची संरक्षणव्यवस्था आतून काम मंदावत असते. म्हणून ऑफसेट बदलताना तापमानाबरोबर गुणही लिहावेत.

कुलूप पक्के असेल, तर माघारी फर्मवेअरकडे जाण्यापूर्वी बिनधोक उपाय करून पाहावेत. दीर्घकालीन वीजमर्यादा पाच-सात वॅटने खाली आणणे, टर्बोचा सर्वोच्च वेग थोडा उतरवणे, ‘स्पीड शिफ्ट’चे (प्रोसेसरने वेग किती तत्परतेने वाढवायचा त्याचे) मूल्य काटकसरीकडे नेणे, जाळी स्वच्छ करणे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला अपडेटनंतर कायमचे कुलूप लागले, तेव्हा मी सर्वोच्च टर्बो काही पायऱ्यांनी उतरवला. शेवटच्या काही शे मेगाहर्ट्‌झसाठी प्रोसेसर सर्वात जास्त व्होल्टेज मागतो, त्यामुळे तेवढे सोडून दिल्यावर पंख्याचा आवाज जवळपास पूर्वीइतका झाला आणि रोजच्या कामात फरक जाणवला नाही.

जुने फर्मवेअर परत घालणे ही त्यानंतरची पायरी, आणि ती मी क्वचितच सुचवतो. निर्मात्याच्या अधिकृत पानावर त्याच मॉडेलची जुनी फाइल उपलब्ध असेल, टिपणात ‘या आवृत्तीनंतर मागे जाता येणार नाही’ अशी सूचना नसेल आणि बायोसमध्ये मागे जाण्याची परवानगी देणारा पर्याय असेल, तरच हे करावे. बॅटरी भरलेली असावी, चार्जर जोडलेला असावा, बिटलॉकर स्थगित असावे. मागे गेल्यावर प्लंडरव्होल्टबरोबर नंतर बुजवलेली इतर सुरक्षाछिद्रेही पुन्हा उघडतात, आणि विंडोज अपडेट तेच फर्मवेअर पुन्हा आणू पाहते. फ्लॅश करणाऱ्या, म्हणजे फर्मवेअर चिपवर लिहिणाऱ्या, साधनाने जुनी आवृत्ती नाकारली, तर तेथेच थांबावे. नकार चुकवणारी वाट शोधू नये.

बायोसच्या लपलेल्या जोडण्यांचे पत्ते शोधून ते शेलमधून (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून) बदलण्याची कृती बरेच जण एकमेकांना सांगतात. हे पत्ते फर्मवेअरच्या प्रत्येक आवृत्तीत सरकू शकतात. अपडेटपूर्वीच्या आवृत्तीसाठी लिहिलेला पत्ता आज वापरला, तर कुलपाच्या जागी भलतीच जोडणी बदलू शकते आणि लॅपटॉपचा पडदासुद्धा उजळत नाही. त्यानंतर मदरबोर्डवरील चिपला क्लिप लावून बाहेरून फर्मवेअर लिहावे लागते, चिप १.८ व्होल्टची आणि प्रोग्रामर (तिच्यावर लिहिणारे उपकरण) ३.३ व्होल्टचा असला तर तीही निकामी होऊ शकते. हे काम ज्याच्याकडे साधने आणि सराव आहे त्याचेच आहे.

अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नसेल, शून्य ऑफसेटवर कोसळत असेल, पंखा फिरत नसेल, हलक्या कामातही तापमान शंभर अंशांजवळ टिकून राहत असेल किंवा तळ फुगलेला दिसत असेल, तर आणखी काहीही न करता तो बंद करावा आणि अधिकृत सेवा केंद्रात न्यावा. वॉरंटी चालू असताना तळाचे झाकणही उघडू नये. सोबत एका कागदावर बायोसची जुनी आणि नवी आवृत्ती, अपडेटची तारीख, पूर्वीचा ऑफसेट आणि कोसळताना आलेला त्रुटीचा क्रमांक लिहून द्यावा. तंत्रज्ञाचा पहिला प्रश्न बहुधा याबद्दलच असतो.